जमिनीवर अंथरलेला नकाशा

लंडन, १६२१चा वसंत. सेंट पॉल कॅथीड्रलच्या आवारात पुस्तकांची दुकानं एकमेकांना खेटून उभी आहेत. पायाखाली चिखल आहे, आणि छापखान्यातून नुकत्याच आलेल्या कागदांना शाईचा उग्र वास आहे. तुमच्या हाती एक पुस्तक पडतं. मुखपृष्ठावर ते प्रसिद्ध करणाऱ्या विल्यम गूज या पाद्र्याचं नाव आहे, लेखकाचं नाही. लेखक आहेत सर हेन्री फिंच, राजदरबारचे नामांकित वकील. तुम्ही उभ्या उभ्या पानं चाळता आणि थबकता. फिंच वकिली चोखपणानं एकच मुद्दा मांडतात : जुन्या करारातले संदेष्टे इस्राएल, यहूदा, सियोन, यरुशलेम म्हणतात तेव्हा त्यांना ख्रिस्ती मंडळी अभिप्रेत नाही. त्यांना याकोबाचे रक्तामांसाचे वंशज अभिप्रेत आहेत. म्हणजे देवानं त्यांना दिलेलं भूमीचं वचनही जसंच्या तसं पाळलं जाणार. ज्यू आपल्या देशी परततील, ख्रिस्ताला ओळखतील, त्यांचं राज्य उभं राहील आणि पृथ्वीवरचे राजे त्या राज्याला मान देतील.

आज आपल्याला यात दचकण्यासारखं काही दिसत नाही. पण तुम्ही ज्या गल्लीत उभे आहात तिथं हे वाक्य म्हणजे ठिणगी आहे. संत ऑगस्टिनपासून हजार-बाराशे वर्षं चर्चनं शिकवलं होतं की अब्राहामाला दिलेली वचनं आता चर्चकडे आली. ‘इस्राएल’ म्हणजे आपणच. ज्यू लोक भटकत राहतील, आपल्या चुकीची साक्ष म्हणून जगतील, एवढंच त्यांचं काम उरलं. मग धर्मसुधारणा आली, बायबल लोकांच्या बोलीत आलं, आणि घराघरांत दिव्याखाली ते वाचलं जाऊ लागलं. १५६०च्या जिनेव्हा बायबलच्या समासात टिपा होत्या. रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाशी वाचक थांबला, की शेजारची टीप त्याला सांगायची : ज्यूंचं राष्ट्रच्या राष्ट्र एक दिवस ख्रिस्ताच्या मंडळीत येणार आहे. यहेज्केलच्या सदतिसाव्या अध्यायातली कोरडी हाडं पुन्हा उठून उभी राहतात. आजवर त्यांचा अर्थ रूपकानं लावला जायचा. आता साधा माणूस विचारू लागला, की संदेष्ट्यानं ‘भूमी’ म्हटलं तर भूमीच का समजू नये?

माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली याच प्रश्नात आहे. ख्रिस्ती माणूस ज्यूंच्या देशाच्या बाजूनं उभा राहिला तो आधी वाचक म्हणून; राजकारण फार नंतर आलं. म्हणून त्याचं प्रेम इतकं उत्कट होतं, आणि म्हणूनच त्या प्रेमाला समोरची माणसं दिसायला इतकी अडचण झाली.

आता मान वर करून गल्लीत पाहा. इथं उघडपणे ज्यू म्हणून जगणारा एकही माणूस तुम्हाला सापडणार नाही. पहिल्या एडवर्ड राजानं १२९०मध्ये सगळ्या ज्यूंना इंग्लंडबाहेर काढलं, त्याला तीनशे एकतीस वर्षं होत आली. फिंच यांनी ज्यांच्यासाठी एवढं लिहिलं ते लोक इंग्रजांना पानांवरच भेटलेले आहेत.

राजा जेम्स मात्र भडकतो. पृथ्वीवरचे राजे ज्यूंच्या राजाला नमन करणार, म्हणजे मीही? आता या वयात यरुशलेमला मुजरा करायला कसा जाऊ, असं तो म्हणाल्याची गोष्ट लोक सांगत राहिले. फिंच आणि गूज दोघेही तुरुंगात जातात. पुस्तकातल्या मजकुराबद्दल दिलगिरी व्यक्त केल्यावरच त्यांची सुटका होते. १९ जूनला राजाच्या वाढदिवशी विल्यम लॉड हा पाद्री वान्स्टेडला राजापुढे प्रवचन देतो आणि फिंचच्या कल्पनेचे वाभाडे काढतो. त्या प्रवचनासाठी त्यानं निवडलंय १२२वं स्तोत्र : यरुशलेमला शांती लाभो, अशी प्रार्थना मागणारं. हे स्तोत्र लक्षात ठेवा. पुढे ते एका वेगळ्याच माणसाच्या बोटावर दिसेल.

पुढची उडी छोटी आहे. जानेवारी १६४९, तेच शहर, पण आता राजा आहे चार्ल्स, आणि तो कैदी आहे. सैन्याच्या अधिकाऱ्यांच्या मंडळापुढे एक अर्ज आला आहे. तो अॅमस्टरडॅमला राहणाऱ्या जोआना कार्टराइट या इंग्रज विधवेचा आणि तिच्या मुलाचा, एबनेझरचा. अॅमस्टरडॅममध्ये ज्यू उघडपणे राहतात, सिनेगॉगात जातात. या मायलेकांनी त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं आहे. त्यांचं मागणं दोन कलमी आहे. हद्दपारीचा कायदा रद्द करावा, आणि इस्राएलाच्या लेकरांना त्यांच्या पूर्वजांच्या भूमीत पोचवण्यासाठी इंग्लंड आणि नेदरलँड्स यांनी सगळ्यांच्या आधी आपली जहाजं द्यावीत. इंग्लंडनं ज्यूंचं जे निरपराध रक्त सांडलं त्याचा कोप देवाच्या मनातून उतरावा, हेही अर्जात आहे. मला या लांबलचक परंपरेत हा अर्ज सगळ्यांत जवळचा वाटतो. त्यात भविष्यवाणी आहे, पण पश्चात्तापही आहे. त्याच महिन्याच्या ३० तारखेला चार्ल्स राजाचा शिरच्छेद होतो आणि त्या धामधुमीत अर्ज मागे पडतो.

डिसेंबर १६५५मध्ये व्हाइटहॉलच्या सभागृहात थोडा वेळ थांबा. राजानंतर देशाची सत्ता हाती आलेल्या क्रॉमवेलनं पाद्री, व्यापारी आणि न्यायाधीश एकत्र बोलावलेत. अॅमस्टरडॅमचे रब्बी मेनास्से बेन इस्राएल यांनी ज्यूंना इंग्लंडमध्ये परत येऊ द्या म्हणून विनंती केली आहे. प्युरिटनांची भाषा ते उत्तम जाणतात. पृथ्वीच्या टोकापर्यंत विखुरणं पूर्ण झाल्यावरच गोळा होणं सुरू होईल, असं शास्त्र सांगतं. मग हे बेट तेवढं का वगळायचं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. न्यायाधीश सांगतात की ज्यूंना येण्यापासून रोखणारा कायदा अस्तित्वात नाही. व्यापाऱ्यांना स्पर्धेची धास्ती आहे. पाद्र्यांना त्यांचं धर्मांतर हवं आहे. निर्णय न देताच क्रॉमवेल सभा गुंडाळतो. पुढच्या वर्षभरात ज्यू गाजावाजा न करता लंडनला राहू लागतात. मेनास्सेंच्या हाती स्वतःसाठी काही लागलं नाही. १६५७मध्ये त्यांचा मुलगा लंडनला वारला. त्याचं शव घेऊन ते हॉलंडला परतले आणि काही आठवड्यांत मिडलबर्गला त्यांनीही डोळे मिटले.

आता दीडशे-पावणेदोनशे वर्षं ओलांडून घराजवळ या. मुंबई, १८३२. मांडवीला बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं, सिनेगॉग उभं राहून छत्तीस वर्षं झालीत. सामाजी हसाजी दिवेकरांनी ते १७९६मध्ये बांधवलं. पेण, अलिबाग, रेवदंडा, नागाव इथली ही मंडळी. घाण्यावर तेल गाळायची, शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून गावानं त्यांना ‘शनवार तेली’ म्हटलं. घरी मराठी बोलणारी, शेमा ही प्रार्थना पाठ असलेली, पण हिब्रू वाचता न येणारी. स्कॉटलंडहून आलेले डॉ. जॉन विल्सन या लोकांसाठी हिब्रू व्याकरण मराठीत छापतात. एक स्कॉटिश पाद्री, पुस्तक मराठी, शिकवायची भाषा हिब्रू, आणि शिकणारे कोकणातले तेली. विल्सनांचा ओढा कुठून आला ते तुम्हाला आता माहीत आहे. स्कॉटलंडच्या चर्चमध्ये ज्यूंसाठी प्रार्थना ही रविवारची नित्याची गोष्ट होती, आणि बेने इस्राएल म्हणजे त्या चर्चला वाटलं होतं त्याहून दूर जाऊन पडलेली हरवलेली भावंडं. मिशनऱ्यांना धर्मांतर हवं होतं. ते अगदी थोड्यांनी केलं. हिब्रू मात्र पुष्कळांनी शिकून घेतली.

१ ऑगस्ट १८४०, पुन्हा लंडन. परराष्ट्रमंत्री पामरस्टन यांच्या घरी जेवणाचं ताट वाढलेलं आहे. पाहुणा आहे लॉर्ड अॅश्ली, पुढे शाफ्ट्सबरीचा अर्ल म्हणून ओळखला जाणारा. पामरस्टन हे नात्यानं त्याच्या बायकोचे सावत्र वडील. अॅश्लीनं कापडगिरण्यांतल्या पोरांचे कामाचे तास कमी व्हावेत म्हणून उभं आयुष्य झगडण्यात घातलं. त्याच्या करुणेबद्दल शंका घ्यायला जागा नाही. नंतरच्या काळात त्याच्या उजव्या हातात एक अंगठी दिसते आणि तिच्यावर १२२व्या स्तोत्राचं वचन कोरलेलं आहे, लॉडनं ज्यावर प्रवचन ठोकलं तेच. दोनशे वर्षांत वचन तेच राहिलं आणि इंग्लंडच्या सत्ताधारी वर्गात त्याचा अर्थ उलटला.

जेवणानंतर अॅश्ली पामरस्टनना काय पटवतो ते ऐका. सीरिया आणि पॅलेस्टाईन इजिप्तच्या मोहम्मद अलीच्या ताब्यात आहेत, तुर्कस्तान डळमळीत आहे. सुलतानानं ज्यूंना तिथं वसवून घेतलं तर त्यांचा पैसा आणि कसब प्रदेशाला उभारी देईल, आणि इंग्लंडला तिथं एक हक्काचा आश्रित मिळेल. भविष्यवाणीचा उल्लेखही नाही. घरी आल्यावर मात्र तो डायरीत मन मोकळं करतो : राजकारण, पैसा, व्यापार याच कारणांनी बोलावं लागलं, कारण यरुशलेमसाठी यजमानाच्या डोळ्यांत पाणी येणार नाही. दहा दिवसांनी, ११ ऑगस्टला, पामरस्टन इस्तंबूलमधल्या आपल्या राजदूताला त्याच आशयाचं पत्र लिहितात. श्रद्धा एका घरातून निघाली आणि परराष्ट्र खात्याच्या कागदावर व्यवहार होऊन उतरली. असा प्रवास पुढेही अनेकदा झाला, आणि दर वेळी श्रद्धेनं आपलं नाव सांगितलं नाही.

त्याच अॅश्लीला डिसेंबर १८४७मध्ये पार्लमेंटात ऐका. लायनेल द रॉथशिल्ड लंडन शहरातून निवडून आले आहेत, पण सदस्यत्वाची शपथ ख्रिस्ती श्रद्धेवर घ्यावी लागते. ती अट काढावी की नाही यावर वाद आहे, आणि अॅश्ली विरोधात उभा आहे. सियोनला जाणाऱ्या ज्यूसाठी तळमळणारा हा माणूस वेस्टमिन्स्टरला बसू पाहणाऱ्या ज्यूला दार उघडायला तयार नाही. रॉथशिल्ड यांना जागा मिळायला १८५८ उजाडावं लागलं. अॅश्लीला मी दांभिक म्हणणार नाही. त्याच्या नजरेत ज्यूची खरी जागा ठरलेली होती आणि ती शास्त्रात लिहिलेली होती. दुसऱ्या जागेवर बसलेला ज्यू त्याला नीट दिसतच नव्हता.

अमेरिकेत हीच धार वेगळ्या वाटेनं वाहिली. धर्मोपदेशक जॉन नेल्सन डार्बी यांनी इतिहासाचे युगांत तुकडे पाडले आणि ज्यूंची वाट चर्चच्या वाटेपासून वेगळी काढली. त्यांच्या शिकवणीवर वाढलेले शिकागोचे विल्यम ब्लॅकस्टोन १८९१मध्ये राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांना निवेदन देतात : रशियातून हाकललेल्या ज्यूंना पॅलेस्टाईन का देऊ नये? खाली ४१३ सह्या आहेत; त्यांत रॉकफेलर आणि मॉर्गन यांच्या आहेत आणि सरन्यायाधीशांचीही. पण मला तुम्हाला शिकागोला थांबवायचं नाही. व्हिएन्नाला चला.

रविवार, १५ मार्च १८९६. तुम्ही एका पस्तिशीतल्या, काळ्याभोर दाढीच्या पत्रकारामागून जिना चढताय. थिओडोर हर्झल हे त्याचं नाव. ‘ज्यूंचं राज्य’ या अर्थाच्या नावाची त्याची पुस्तिका गेल्याच महिन्यात आली आहे. आपलेच लोक त्याला स्वप्नाळू म्हणताहेत. चौथा मजला लागतो आणि दाराआडून ऑर्गनचे सूर येतात. दार उघडतात रेव्हरंड विल्यम हेक्लर, ब्रिटिश वकिलातीचे धर्मगुरू, संदेष्ट्यासारखी लांब करडी दाढी असलेले. पाच दिवसांपूर्वी ते आपणहून हर्झलला भेटायला गेले होते.

हेक्लरांचा जन्म काशीचा, १८४५चा. वडील तिथं मिशनरी होते. गंगेकाठी जन्मलेला हा मुलगा पुढे बाडेनच्या ग्रँड ड्यूकच्या घरी राजपुत्राचा शिक्षक झाला, १८८२मध्ये रशियात जाऊन दंगलींनी उद्ध्वस्त झालेले ज्यू पाहून आला, आणि १८८४मध्ये त्यानं ज्यूंच्या पॅलेस्टाईनला परतण्यावर पुस्तिका लिहिली. हर्झलची पुस्तिका आली त्याच्या बारा वर्षं आधी.

खोलीत या. चारही भिंती जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांनी भरल्या आहेत, आणि ती सगळी बायबलं आहेत. खिडकी उघडी आहे, वसंताची गार हवा आत येते आहे. हेक्लर प्राचीन मंदिराच्या प्रतिकृती दाखवतात. मग कपाटातून पॅलेस्टाईनचा लष्करी नकाशा काढतात. त्याचे चार मोठे तुकडे आहेत. ते एकाला एक जोडून जमिनीवर अंथरले की अख्खी खोली भरून जाते. उभं राहायला जागा उरत नाही म्हणून तुम्ही भिंतीला टेकता. हेक्लर वाकून बोट ठेवतात : नवं मंदिर इथं, बेथेलला, देशाच्या मध्यावर. तुमच्यासाठी आम्ही जमीन तयार करून ठेवली आहे, असं ते हर्झलला सांगतात. हर्झलला ते कौतुकाचंही वाटतं आणि विचित्रही.

गणित त्यांनी आधीच मांडून ठेवलं आहे. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात बेचाळीस महिने म्हटलेत. महिन्याचे तीस दिवस धरले तर १२६० दिवस, आणि भविष्यवाणीच्या हिशेबात एक दिवस म्हणजे एक वर्ष. खलीफा उमरनं यरुशलेम घेतलं ६३७-३८च्या सुमारास. त्यात १२६० मिळवले की येतात १८९७-९८. म्हणजे अवघी एक-दोन वर्षं राहिलीत आणि नेमका हा पत्रकार पुस्तिका घेऊन आला! हेक्लरांना यात देवाचा हात दिसतो. हर्झलला त्यात दिसते राजवाड्याकडे जाणारी वाट. तो सरळ मुद्द्यावर येतो : मला एखाद्या मंत्र्याशी किंवा राजपुत्राशी बोलायचंय, नाहीतर माझं म्हणणं कोणी मनावर घेणार नाही. हेक्लर बर्लिनला जायला तयार आहेत, प्रवासखर्चाची सोय झाली तर. पदरमोड करायची हर्झलची तयारी आहे. हे बोलणं निघण्याआधी हेक्लर पुन्हा ऑर्गनला बसले आणि त्यांनी स्वतः रचलेलं सियोनचं गीत गाऊन दाखवलं. २३ एप्रिलला हर्झल कार्ल्सरूहमध्ये ग्रँड ड्यूकपुढे बसलेला असतो. हेक्लरांनी शब्द पाळला.

या खोलीत मला जे सगळ्यांत जास्त टोचतं ते खाली पाहिल्यावर दिसतं. नकाशा उत्तम होता. टेकड्या, ओढे, वाटा सगळं काही रेखलेलं. बेथेलच्या जागी त्या दिवशी बेतीन नावाचं अरब गाव नांदत होतं. ज्या गावावर हेक्लरांनी मंदिर उभं केलं तिथं कोणाची तरी शेतं होती, घरांत चुली पेटत होत्या. हेक्लर क्रूर नव्हते, प्रेमळ होते, रशियातल्या निर्वासितांसाठी त्यांनी पायपीट केली. तरीही चार तुकडे जोडताना त्या गावात राहणाऱ्यांविषयी एक शब्द त्यांच्या तोंडून निघाल्याचं हर्झलच्या डायरीत सापडत नाही. हर्झलच्याही तोंडून नाही.

पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १८९७ला, बाझेलमध्ये पहिली झायोनिस्ट काँग्रेस भरते. हेक्लर तिथं पाहुणे म्हणून हजर आहेत, गणितातलं साल खरं ठरल्याच्या आनंदात. आमंत्रण मुंबईच्या बेने इस्राएलांनाही गेलं होतं. त्यांनी नम्रपणे नकार कळवला : आम्हाला सियोनला परत नेणं हे देवाच्या हातचं काम आहे, आम्ही त्या हाताची वाट पाहतो आहोत. मला हे उत्तर विसरता येत नाही. काशीत जन्मलेला ख्रिस्ती पाद्री देवाच्या वेळापत्रकानुसार घाईत होता, आणि पिढ्यानपिढ्या शब्बाथ पाळत आलेले कोकणातले ज्यू त्याच देवावर भरवसा ठेवून स्वस्थ बसले होते. शास्त्र तेच, वचन तेच.

आता शेवटची उडी. लंडन, ऑक्टोबर १९१७. युद्ध चौथ्या वर्षात आहे, ब्रिटिश सेनापती अॅलनबीचं सैन्य पॅलेस्टाईनच्या दारात आहे. सुवेझची काळजी, अमेरिका आणि रशियातल्या ज्यूंचं मत आपल्याकडे वळवायची आशा, फ्रान्सला मागे ठेवायची इच्छा, ही सगळी कारणं खरी आहेत आणि कोणीही इतिहासकार ती तुम्हाला सांगेल. पण मंत्रिमंडळाच्या टेबलाशी बसलेली माणसं पाहा. पंतप्रधान लॉइड जॉर्ज वेल्समधल्या खेड्यात चांभारकाम करणाऱ्या मामाच्या घरी वाढले. मामा रविवारी चर्चमध्ये उपदेश करायचे. इंग्लंडच्या राजांपेक्षा इस्राएलचे राजे आपल्याला लहानपणी जास्त पाठ होते, असं पुढे लॉइड जॉर्ज यांनी स्वतःच सांगितलं. परराष्ट्रमंत्री बाल्फोर हे स्कॉटलंडचे, आईच्या कडेवर जुना करार ऐकत मोठे झालेले. हेब्रोन, बेथलेहेम, शखेम ही नावं या माणसांना फ्रान्समधल्या आघाडीवरच्या गावांहून ओळखीची आहेत. ३१ ऑक्टोबरला युद्धमंत्रिमंडळ मंजुरी देतं आणि २ नोव्हेंबरला पॅलेस्टाईनमधल्या ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा देणारं बाल्फोर यांचं पत्र लॉर्ड रॉथशिल्ड यांच्या नावे निघतं.

हेच बाल्फोर १९०५मध्ये पंतप्रधान होते तेव्हा त्यांच्या सरकारनं परकीयांच्या प्रवेशावर निर्बंध आणणारा कायदा केला होता. त्याची झळ मुख्यतः रशियातून पळून येणाऱ्या ज्यूंना बसली. अॅश्लीचीच जुनी गोष्ट, साठेक वर्षांनी.

बाल्फोरच्या पत्रात पॅलेस्टाईनमधल्या अरबांचं नाव नाही. दहातले नऊ लोक ते, पण त्यांचा उल्लेख होतो ‘बिगर-ज्यू समाज’ म्हणून. त्यांत मुसलमान आहेत, आणि नासरेथ, बेथलेहेम, यरुशलेममधले अरब ख्रिस्तीही. जगातल्या सर्वांत जुन्या चर्चची ही लेकरं. ज्या गावात येशू जन्मला तिथं चर्चच्या घंटा वाजवणारी. बायबल ज्या भूमीत घडलं तिथल्या ख्रिस्ती माणसाला लंडनच्या बायबल वाचणाऱ्या मंत्र्यांनी काहीही विचारलं नाही.

सरकारात एकच ज्यू मंत्री आहेत, एडविन माँटेग्यू, भारतमंत्री. ऑगस्टमध्ये त्यांनी आपल्याच सरकारचं धोरण ज्यूविरोधी आहे असं ठणकावणारं टिपण सहकाऱ्यांपुढे ठेवलं. ज्यूंचं राष्ट्रीय घर पॅलेस्टाईन ठरलं, तर प्रत्येक देश आपल्या ज्यू नागरिकाला म्हणेल, जा की मग आपल्या घरी, अशी त्यांना भीती होती. मी इंग्रज आहे आणि ज्यू आहे. तुमच्या भविष्यवाणीत मला कुठं बसवता, असाच त्यांच्या रागाचा सूर होता. निर्णय होण्याआधीच त्यांना भारताच्या सुधारणांच्या कामासाठी बोटीवर चढावं लागलं. १० नोव्हेंबरला ते मुंबईला उतरतात. बाल्फोरची घोषणा त्यांना रॉयटरच्या तारेतून कळते. त्या सुमारास त्यांच्या खांद्यावरून डायरीत डोकावा : सरकारनं ब्रिटिश ज्यूंवर भरून न येणारा घाव घातला, जे राष्ट्र अस्तित्वातच नाही ते उभं करायला निघालं, आणि मुस्लिम जगाला विनाकारण बिथरवलं, असं ते लिहितात. ते बोटीतून उतरले तिथून थोड्याच अंतरावर, मांडवीला, बेने इस्राएलांचं सिनेगॉग आहे. त्या लोकांचंही मत लंडननं मागितलेलं नव्हतं.